चाळीस मिनिटं पुढे

"बाई, जरा हात उचला," सुतार म्हणाला आणि तिने उचलला. डोळ्याला भिंग, चिमट्याच्या टोकाला तिळाएवढा स्क्रू, आणि हात हवेत. सुताराने तिच्या कोपराखालून टेप सरकवली, टेबलाची लांबी घेतली, मग तिच्या पाठीमागची भिंत मोजली, आणि कानावरची पेन्सिल काढून तिच्याच टेबलावरच्या चिठ्ठीवर दोन आकडे लिहिले. "कपाट येतंय इथे, सोमवारी," तो म्हणाला. ती "बरं" म्हणाली. शुक्रवार तिचा शेवटचा दिवस, हे सगळ्यांना महिनाभर माहीत होतं, पण आज गुरुवार होता आणि ती अजून खुर्चीत होती. माणूस बसलेलं असताना त्याच्या जागेचं माप घ्यायचं म्हणजे काय ते तिला कळेना. पलीकडच्या टेबलावर फुंकर खाली मान घालून रबरी फुग्याने एका यंत्रावरची धूळ उडवत होता. दिवसभर तेच करायचा म्हणून तिने मनातल्या मनात त्याचं हे नाव ठेवलं होतं. समोर हेडमास्तर. तो काही शाळेतला नव्हे, घड्याळांच्या दुकानातल्या या दुरुस्ती विभागाचा मुख्य, पण बोलणं वागणं सगळं छडीवाल्यासारखं. तोही मान वर करेना. चौथ्या टेबलावरची नवी मुलगी तेवढी एकदा तिच्याकडे बघून चटकन खाली बघायला लागली. सुतार गेल्यावर तिने हात खाली आणला, आणि तेव्हा तिला कळलं की स्क्रू चिमट्यात नाही. चौदा वर्षांत असं तीनदाच झालं होतं.

घरी निम्मं सामान खोक्यांत गेलेलं. नवऱ्याची बदली झाली होती, रविवारी नवीन गावी जायचं होतं, तिथल्याच कॉलेजात मुलगी होती, सगळं कसं छान जुळून आलं होतं. दुःख करावं असं काही नव्हतंच. तरी जेवताना ती म्हणाली, "मला उट्टं काढायचंय."

"कुणाचं?"

"सगळ्यांचं. मास्तरचं जास्त."

नवरा जेवायचा थांबला. "तू? तू खोडी काढणार? अगं, पलीकडच्या घरातून वाटी आणलीस तर परत देताना धुवून, पुसून, वर माफी मागतेस."

"म्हणूनच," ती म्हणाली. "माझ्या खोड्या काढून झाल्या सगळ्यांच्या. माझी एक राहिलीय."

आणि ते खरंच होतं. फुंकरने पहिल्याच वर्षी तिच्या भिंगाच्या आत मेलेली मुंगी चिकटवली होती. भिंग डोळ्याला लावलं तर म्हशीएवढं काहीतरी सहा पायांचं समोर. तिने हात झाडला, स्क्रूची वाटी उडाली, आणि चौघं संध्याकाळपर्यंत जमिनीवर रांगत होते. तेव्हा चौथा एक म्हातारा कारागीर होता, तो तर हसून हसून तिथेच आडवा झाला. तीही हसली. नाही हसलं तर उद्या दोन मुंग्या येतील एवढी अक्कल तिला होती. मग एकदा ग्राहकाचं म्हणून तिला एक घड्याळ दिलं गेलं, तिने ते उघडलं तर आत यंत्राच्या जागी सुपारीचं खांड. मग कधी स्टुलाचा पाय बुटका, कधी ॲप्रनच्या बाह्या शिवलेल्या. या सगळ्याचा तिला राग नव्हता; खोडी काढायला तरी माणूस लक्षात असावा लागतो, आणि नंतर नंतर त्याही थांबल्या. तिला वाटलं, आपण यांच्या खिजगणतीतही उरलो नाही. मास्तरने तर कधी तिला नावानेसुद्धा हाक मारली नाही. "अहो, तेल द्या." "अहो, तो लंबक उतरवा." जगात बायका नवऱ्याला अहो म्हणतात, इथे हा बाबा तिला म्हणायचा, आणि तेही भिंतीकडे बघत.

शुक्रवारी सकाळी ती रोजच्यासारखी सर्वांच्या आधी, पावणेदहाला पोचली. दिवे लावले. खिडक्यांच्या काचांवर कागद चिकटवलेले, कारण टेबलावर ऊन आलं की बारीक भाग चमकून दिसेनासे होतात. त्यामुळे त्या खोलीत सकाळ, दुपार आणि संध्याकाळ यांचा रंग एकच. दाराशी पत्र्याचा डबा, त्यात सगळ्यांनी मोबाइल ठेवायचे, फोनमधल्या चुंबकाने केसाएवढी स्प्रिंग बिघडते म्हणून. मनगटी घड्याळ तर कुणीच घालायचं नाही, पट्ट्याच्या बक्कलाने गिऱ्हाइकाची काच ओरबाडते. तिचं स्वतःचं घड्याळ तेवढं ॲप्रनच्या खिशात, रुमालात गुंडाळलेलं. आणि भिंतीभर घड्याळं. दुरुस्त झालेलं प्रत्येक घड्याळ आठ दिवस टांगून ठेवायचं, ते दिवसाला किती पुढे जातं नि किती मागे पडतं ते चिठ्ठीवर लिहायचं, आणि तोवर त्याला हात लावायचा नाही. त्यामुळे एका घड्याळात चार, शेजारी साडेअकरा, खाली पावणेसात, आणि टोल तर कुणाचाही कधीही. नवीन माणसाला पहिले दोन दिवस चक्कर यायची. मग कान आणि डोळे शहाणे होतात आणि भिंतीकडे बघायचंच सोडून देतात.

फक्त एक घड्याळ वेगळं. मास्तरच्या डोक्यावर, लाल कडेचं. त्याला खरं घड्याळ म्हणत. पूर्वी सगळी घड्याळं त्यावरून लावत. पुढे टिकटिक ऐकून कागदावर रेघा काढणारं यंत्र आलं, पण खऱ्या घड्याळाचा मान राहिला. रोज सकाळी रेडिओवर वेळ ऐकून ते मिळवून ठेवायचं काम तिचं. कुणी दिलं नव्हतं, ती आधी यायची म्हणून तिच्याकडे आलं होतं. आणि याच घड्याळाखाली चौदा वर्षांपूर्वी, मुलीच्या शाळेचा पहिला दिवस म्हणून सात मिनिटं उशीर झाला, तर मास्तरने तिला उभं केलं होतं. दोन गिऱ्हाइकं वर आलेली, मालक हजर. मास्तर म्हणाला, "अहो, किती वाजले ते वाचा." तिने वाचलं. "मोठ्याने." तिने मोठ्याने वाचलं, "दहा वाजून सात मिनिटं." सकाळी शाळेच्या फाटकात मुलगी रडली होती ती याहून हळू रडली असेल. त्यानंतर ती एकदाही उशिरा आली नाही, आणि तो आवाज, आपलाच, शाळकरी पोरीचा, तिला अधूनमधून भांडी घासताना ऐकू यायचा.

तिने स्टूल ओढलं, वर चढली, आणि खऱ्या घड्याळाचा मोठा काटा बोटाने चाळीस मिनिटं पुढे ढकलला. बेत सोपा होता. मास्तर वेळेचा एवढा पक्का, तर तो सहाच्या ठोक्याला उठेल, म्हणजे प्रत्यक्षात पाच वीसला. त्याच्यामागे फुंकर. दोघं जिना उतरून खाली गल्ल्यावर बसलेल्या मालकाच्या समोरून डुलत डुलत निघतील, आणि मालक आपल्या खर्जातल्या आवाजात विचारेल, काय मास्तर, किती वाजले? बस्स. तेवढं ऐकून ती निघणार होती. दहाला तिघं आले, त्यांनी डब्यात फोन टाकले, ॲप्रन चढवले, भिंगं लावली, आणि कुणी वर पाहिलंसुद्धा नाही. चोराच्या मनात चांदणं; तिलाच उगीच वाटत राहिलं की लाल कड आज जास्त लाल दिसते आहे.

खऱ्या घड्याळात एक वाजला. एक म्हणजे जेवण. मास्तरने तबकडी फिरवून पुसली. फुंकरने फुंकर मारली. एक पाच. एक दहा. ती खोकली, वर घड्याळाकडे बघितलं, पुन्हा खोकली. नवी मुलगी म्हणाली, "ताई, पाणी देऊ?" एक वाजून वीस मिनिटं झाली तरी सगळे ढिम्म. आता हे काय नवीन, तिला वाटलं. हा मनुष्य, ज्याने सात मिनिटांसाठी मला तिथे उभं केलं, तो वीस मिनिटं जेवण चुकवून बसलाय आणि त्याला पत्ता नाही? खरे एक वाजले तेव्हा, खिशातल्या घड्याळात बघून, तिने निराश होऊन आपला डबा काढला. झाकण नेहमीचंच हट्टी, टक्क करून उघडलं. आणि त्या टक्क आवाजासरशी तीन भिंगं खाली ठेवली गेली, तीन खुर्च्या मागे सरकल्या, मास्तरने आळस दिला आणि म्हणाला, "चला, झाला एक."

तिने घास तोंडात घातला आणि चावायची विसरली.

हे काय होतं? योगायोग असेल. पण योगायोग पारखून घ्यायची तिला धंद्यानेच सवय लावली होती. घड्याळ एकदा बरोबर चाललं म्हणून दुरुस्त झालं असं नसतं. चहा साडेतीनला. तिने तीन वाजून आठ मिनिटांनीच उठून किटलीचं बटण दाबलं. फुंकर लगेच कप घेऊन हजर, आणि वर म्हणतो कसा, "आज दुपार पटकन गेली नाही?" चहा झाल्यावर तिने आणखी एक गंमत केली. नुसतीच अर्धी उठली. फुंकरने भिंग काढलं. ती बसली. त्याने लावलं. पुन्हा उठली, पुन्हा काढलं. त्याला स्वतःला त्यातलं काही कळत नव्हतं, डोळे कामावरच. तिला पोटातून हसू फुटायला लागलं, ते दाबता दाबता डोळ्यांत पाणी आलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. चौदा वर्षं ती ज्या काट्यांना मान देत होती त्यांना या खोलीत कुणी विचारत नव्हतं. सगळे तिच्यावर चालले होते.

मग एकेक आठवायला लागलं, आणि जे आठवलं ते वेगळंच दिसायला लागलं. नणंदेच्या लग्नाला ती चार दिवस रजेवर गेली होती. परतल्यावर फुंकर म्हणाला होता, "तुम्ही नव्हतात तर आम्ही दोन-अडीचपर्यंत उपाशी." ती रात्रभर धुमसली होती, मी काय यांची स्वयंपाकीण आहे? तापाने दोन दिवस घरी राहिली तेव्हा मालक म्हणाला, "काल वरच्या लोकांनी फारच उशीर केला हो," आणि तिला ते टोचलं होतं, आपलं काम इतरांवर पडलं म्हणून टोमणा मारतोय असं वाटलं होतं. कुणी टोमणा मारत नव्हतं. बिचारे अंधारात चाचपडत होते, आणि अंधार आहे हेही त्यांना ठाऊक नव्हतं. आपण कुणालाच दिसत नाही असं ती चौदा वर्षं समजत होती. दिसत नव्हतीच. हवा कुठे दिसते? पण हा विचार तिला फारच मोठा वाटला, स्वतःविषयी असा विचार करायची सवय नव्हती, आणि तिने कप विसळायला घेतले.

नळाशी नवी मुलगी आली. हळू आवाजात म्हणाली, "ताई, एक सांगू? रागावू नका. तुमची जागा मी मागितली होती. तिथे उजेड चांगला पडतो."

"मग?"

"मास्तर नाही म्हणाले. मी म्हटलं, रिकामीच राहणार ना? तर म्हणाले, रिकामी नको नि दुसरं माणूस पण नको. कपाट आणा."

ती कप विसळत राहिली. तोच कप तिने बहुधा चारदा विसळला. खोलीत परतली तेव्हा मास्तर नेहमीसारखा भिंतीला म्हणाला, "अहो, जाताना चिमटे मोजून ठेवा." क्षणभर तिला वाटलं, जाऊ दे, स्टुलावर चढावं आणि खऱ्या घड्याळाचे काटे मुकाट्याने मागे घ्यावेत. पण ते तीन डोकी वाकवून बसलेलं वर्गासारखं दृश्य, तो शाळकरी आवाज, दहा वाजून सात मिनिटं. मुंगी हसून विसरता येते, हे नाही. शिवाय आता रागापेक्षा मोह मोठा झाला होता. असा पत्ता हातात आलेला असताना न खेळता उठायचं म्हणजे शुद्ध करंटेपणा.

सहा वाजण्याची तिची खूण ठरलेली होती, तिला स्वतःलाही नकळत. टेबलावर फडकं पसरायचं आणि दिवा मालवायचा. तो खट्ट आवाज झाला की खोली सुटायची. पाच वाजून चाळीस मिनिटांनी तिने चिमटे मोजले, नऊ भरले. पिशवी आणि डबा चहाच्या वेळीच जिन्याच्या कठड्याला नेऊन टांगला होता. फडकं पसरलं नाही. दिवा तसाच ठेवला, खुर्चीही जरा वळवून, आत्ता येईल असं वाटावं अशी. मग नळावर जाणाऱ्या माणसाच्या चालीने दारापर्यंत गेली. डब्यातून आपला फोन काढला, बोटांनी चाचपत, आवाज न करता. मागे वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. तीन वाकलेल्या माना. भिंतीवरच्या कुठल्याशा घड्याळाने त्याच वेळी अकराचे टोल दिले आणि कुणी ढिम्म हललं नाही. तिला त्या तिघांची इतकी माया आली की ती जवळजवळ परत फिरली.

खाली गल्ल्यावर मालक होता. "निघालात? सुखी राहा. नवीन गावी घड्याळ बंद पडलं तर आमच्याकडेच पाठवा," तो म्हणाला. "वरचे?"

"येतायत," ती म्हणाली, आणि रस्ता ओलांडून समोरच्या चपलांच्या दुकानाच्या छपराखाली जाऊन उभी राहिली. नवरा तिथेच येणार होता. वर दुसऱ्या मजल्यावर कागद लावलेल्या काचांमागे चार पिवळे ठिपके, चार टेबलांचे चार दिवे. सहा वाजले. दिवे होते तसे. रस्त्यावर गर्दी वाढली, शाळेतली पोरं गेली, दूधवाला गेला. सव्वासहाला नवरा आला, हातात सुतळीचा गुंडा, उरलेली खोकी बांधायला. तिने त्याला सगळं सांगितलं. त्याने वर बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "म्हणजे ते आता उठणारच नाहीत?"

"बघू."

मालक दारात येऊन जिन्याकडे वाकून बघून गेला. त्याचाही हात शटरच्या साखळीवर होता, पण वरचे उतरल्याशिवाय शटर ओढायचं नाही हा त्याचा नेम. तेवढ्यात चपलांचा दुकानदार बाहेर आला, वर दिव्यांकडे बघत म्हणाला, "काय हो, आज यांचा ओव्हरटाइम का? मी रोज यांची माणसं खाली आली की बंद करतो. पाय दुखायला लागले माझे." नवऱ्याने सुतळीचा गुंडा तोंडावर धरला. त्याचे खांदे गदागदा हलत होते. तिला मात्र आता हसू येईना, किंवा येत होतं पण त्यात दुसरंही काही मिसळलं होतं. हे सगळं आपण उद्यापासून असंच सोडून जाणार. सोमवारी कपाट येईल. कपाट डबा उघडत नाही.

साडेसहाला तिने वरचा नंबर लावला. भिंतीवरचा जुना फोन. दहा-बारा वेळा वाजला. एक ठिपका जरा झाकला गेला, म्हणजे मास्तर उठला असावा.

"दुरुस्ती विभाग," मास्तर म्हणाला. मागे टिकटिकीचा सगळा मेळा ऐकू येत होता.

"किती वाजले ते वाचा," ती म्हणाली.

नवऱ्याने हसणं थांबवलं. तिला वाटलं, याला आठवायचं नाही. कुणाला आठवतं? ज्याने उभं केलं त्याला नाही, जो उभा राहिला त्याला. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि मास्तर सावकाश, मोठ्याने म्हणाला, "सात वाजून दहा मिनिटं." आवाज शाळकरी होता. आठवत होतं त्याला.

"चूक," ती म्हणाली. "ते चाळीस मिनिटं पुढे आहे. साडेसहा झालेत. मी सकाळी काटा फिरवला."

"का?"

"तुमची खोडी काढायला. तुम्ही पाच वीसला खाली उतरायला हवं होतंत."

"आम्ही बघितलंच नाही तिकडे. आम्हाला वाटलं, तुम्ही नळावर गेलात."

"पाऊण तास?"

"तुमचा दिवा चालू होता ना."

मागे फुंकर विचारत होता, कोण आहे, कोण आहे, आणि नवी मुलगी एकदम हसायला लागली होती, म्हणजे तिला कळलं होतं. मास्तरने घसा साफ केला. ते चौदा वर्षांपूर्वीचं, असं काहीतरी त्याने सुरू केलं, सोडून दिलं, पुन्हा घसा साफ केला. शेवटी अगदी साध्या आवाजात विचारलं, "मग आता उठू का आम्ही, ताई?"

वर दिवे होते, खाली मालक साखळी धरून उभा होता, शेजारी चपलांवाला एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता, आणि हे सगळे तिच्यासाठी थांबले होते, हे तिने नीट, पोटभर पाहून घेतलं.

"उठा," ती म्हणाली. "आणि सोमवारपासून एकाला डबा उघडायला शिकवा. नवीला सांगा. तिला माझ्या जागी बसवा, उजेड चांगला आहे."

"आणि कपाट?"

"कपाट तुमच्यामागे ठेवा. खऱ्या घड्याळाखाली."

फोन ठेवल्याचा आवाज आला. एक दिवा गेला, मग दुसरा, मग तिसरा. चौथा, तिचा, बराच वेळ राहिला. बहुधा टेबलावर फडकं पसरणं चाललं असावं, कारण फडकं कुठल्या खणात असतं ते मास्तरला ठाऊक नव्हतं. मग तोही गेला. चपलांवाल्याने हुश्श करून आपलं शटर खाली ओढलं.